हवामान नकाशाखाली खुणांची सूची हवी

महोदय,

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून हवामानाचा नकाशा येतो. पण खुणांचा अर्थ सोबत नसल्याने बहुतेक वाचक नुसते रंग पाहून पान उलटतात. समदाब रेषा, म्हणजे हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जितक्या दाट, तितका वारा जोराचा. वाऱ्याची दिशा व वेग दाखवणाऱ्या काडीवरील पूर्ण रेघ 10 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी), तर अर्धी 5 नॉट वेग दाखवते, हे शाळकरी मुलालाही समजेल. सांगलीकरांनी मात्र केवळ आपल्या जिल्ह्याच्या रंगावर विसंबू नये, कारण येथे उघडीप असली तरी साताऱ्याच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटात कोसळलेल्या पावसाने आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चढते. 2019 चा महापूर सोसलेल्या शहरासाठी तरी घाटमाथ्याचा इशारा ठळक दाखवावा आणि नकाशाखाली खुणांची सूची रोज छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली