सर, केस घ्यायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही समोरासमोर आभार मानू देत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

बीएचएमएसची, म्हणजे होमिओपॅथीच्या पदवीची, साडेपाच वर्षं संपवून मी तुमच्याकडे आले, तेव्हा बरंच काही पाठ होतं. हानेमान यांनी १७९० साली सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, तिथून ही पद्धत कशी उभी राहिली, वगैरे. माणसासमोर बसून केस घेणं मात्र मालवणच्या तुमच्या दवाखान्यातच कळलं. तहान किती, घाम कुठे, झोप कोणत्या कुशीवर, दुखणं कशाने वाढतं, हे तुम्ही घाई न करता विचारायचात. बोटं आखडतात म्हणून आलेल्या मासेविक्रेत्या मावशींना तुम्ही पहाटेपासूनचा दिवस सांगायला लावलात. बर्फातले बांगडे निवडण्यात त्यांचे तासन् तास जात होते. पुडी देण्याआधी तुम्ही रबरी हातमोजे घ्यायला सांगितलेत आणि रक्त तपासायला पाठवलंत. मला वाटतं, त्या दिवशीचं खरं औषध तेच होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ३० पोटेन्सी म्हणजे शंभरात एक भाग, असं ३० वेळा विरळ करणं. एवढं केल्यावर मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही, हे रसायनशास्त्र तुम्ही आमच्यापासून लपवलं नाहीत. ‘म्हणून जिथे वेळ गेला तर जीव जातो, तिथे पुडी बांधायची नाही,’ असं तुम्ही निक्षून सांगायचात. विंचूदंशावर प्रॅझोसिन वापरून जीव वाचवणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं काम तुम्ही आम्हाला सांगितलंत, तेही केवढ्या आदराने! आपली पॅथी सांभाळताना दुसऱ्या पॅथीच्या डॉक्टरांबद्दल असं बोलणारे मी फार पाहिले नाहीत.

गेल्या पावसात, लावणीच्या दिवसांत, एक शेतकरी काका आले. ‘डॉक्टरानू, पोटऱ्यो दुखतत, बाकी काय नाय.’ अंगात ताप होता, डोळे लाल होते, पायाला भेगा पडलेल्या. चिखलाच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि भेगांतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू शरीरात शिरतात, हे तुम्ही दर जूनमध्ये आम्हाला घोकून घ्यायचात. मी गोळ्यांच्या बाटलीला हात लावला नाही. चिठ्ठी लिहून त्यांना लगेच सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे अँटिबायोटिक्स वेळेत सुरू झाली. काका आता पुन्हा शेतात जातात. पायात गमबूट असतात.

त्यांच्या घरच्यांनी मला नारळ दिले. त्यांतले निम्मे तुमचे आहेत, सर.

गणपतीत येतेय. त्वचेच्या दोन जुन्या केसेसमध्ये मी अडलेय, त्यांचे कागद सोबत आणते. जेवणाआधी तेवढे बघाल ना?

तुमची विद्यार्थिनी