उसातल्या टू-फोर-डी लिक्विडनं शेजारची टोमॅटो गेली आणि तुम्ही म्हणताय व्हायरस – लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य ऑफिस

विषय: तुमचं तणनाशक टू-फोर-डी इथाइल एस्टर ३८ टक्के ईसी (लिक्विड), बॅच नंबर आणि पक्क्या बिलाचा फोटो सोबत जोडलाय

सर/मॅडम, नमस्कार.

टोल फ्रीवर केलेली माझी कम्प्लेंट तुमच्या सिस्टीमनं मला एका शब्दानं न विचारता 'रिझॉल्व्ड' करून टाकली, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतोय. जरा लांब होईल, पण वाचा, कारण फोनवर तुमच्या पोरी 'सर तुमची समस्या आम्ही समजू शकतो' याच्या पुढं जातच नाहीत.

मी कडोली भागातला शेतकरी, तालुका जिल्हा बेळगाव. मार्कंडेय नदीच्या पट्ट्यात आमचं रान आहे, ऊस आणि भाजीपाला दोन्ही बांधाला बांध लावून असतंय. इथली टोमॅटो, ढबू मिरची, कोबी, फ्लॉवर गोव्याला जाते, हे तुमच्या सेल्सच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे कारण ते याच भागात बुरशीनाशक विकायला येतात. म्हणजे उसाच्या शेजारी काय असतंय हे कंपनीला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

उसातल्या रुंद पानाच्या तणाला आम्ही वर्षानुवर्षं टू-फोर-डी ची पावडर मारतोय, ८० टक्केवाली, सोडियम सॉल्टची. कधी तक्रार नाही. यावेळी लागणीच्या उसात मारायला पावडर आणायला गेलो तर दुकानात तुमचे फील्ड ऑफिसर बसलेले, म्हणाले पावडरचा स्टॉक नाही, हे लिक्विड घ्या, औषध तेच, पाण्यात लगेच मिसळतंय आणि रिझल्ट पावडरपेक्षा फास्ट. मी विचारलं पण होतं की पलीकडं टोमॅटो आहे, काय होणार नाही ना. त्यावर त्यांनी बाटलीवरचा निळा त्रिकोण दाखवला आणि म्हणाले निळा आहे, सेफ आहे, लाल-पिवळा असता तर भ्यायचं.

आता त्या त्रिकोणाबद्दल. तो रंग उंदरांवरच्या टेस्टमधून ठरतो, पोटात गेलं किंवा कातड्याला लागलं तर किती विषारी एवढंच तो सांगतो. निळ्यापेक्षा कमी विषारी हिरवा पण असतो, आणि निळ्यासोबत 'डेंजर' असंच लिहायचं असतं, सेफ नव्हे. शेजारच्या पिकाला काय होईल याचा त्या रंगाशी काडीचा संबंध नाही. हे तुमच्या माणसाला माहीत नसेल तर तुम्ही त्याला दुकानात बसवलंय कशाला, आणि माहीत असून बोलला असेल तर मग बोलायलाच नको.

फवारणी सकाळी लवकर केली, वारा नव्हता, तणनाशकाचा पंप आमचा वेगळाच आहे, नोजलला हूड लावलेलं. काकांचं (आमचे चुलत काका) टोमॅटोचं रान उसाच्या पूर्वेला आणि त्याला लागून माझी ढबू मिरची. मार्च-एप्रिलात आमच्याकडं दुपारी पारा ३६-३७ च्या घरात जातो आणि दुपारनंतर गोव्याकडचा पश्चिमेचा वारा सुटतो, हे इथलं शेंबडं पोर पण सांगेल. नंतर थोड्याच दिवसांत काका बांधावर येऊन उभे, 'काय मारलास रे उसात?' म्हणून. जाऊन बघतोय तर टोमॅटोचे शेंडे खाली वाकलेले, देठ पिळवटलेले, नवी पानं अरुंद आणि शिरा सगळ्या समांतर आलेल्या, फुलं गळून खाली मल्चिंगवर पडलेली. काकांनी ड्रिप, मल्चिंग, बांबू, तार, सुतळी, नर्सरीतली रोपं सगळा खर्च करून झालेला आणि तोडा सुरू व्हायच्या आधी हे.

कम्प्लेंट केल्यावर तुमचे साहेब आले, गाडीतून उतरले, मोबाईलवर फोटो काढले आणि पाच मिनिटात निदान, 'लीफ कर्ल व्हायरस आहे, पांढऱ्या माशीनं येतो'. आणि जाताजाता त्या माशीसाठी तुमच्याच कंपनीचं औषध पण सुचवलं! हसावं का रडावं कळेना.

साहेब, व्हायरस आम्ही पण बघितलाय. व्हायरसचं झाड खुजं राहतं, पानं पिवळी पडून वर वळतात, आणि इथं एक झाड तिथं दोन झाडं असं विखरून येतं. आमच्याकडं उसाच्या बांधाला लागून ज्या ओळी आहेत त्या पूर्ण गेल्या, त्याच्या पुढच्या अर्धवट, आणि लांबच्या कोपऱ्यातली झाडं जवळपास चांगली आहेत. माशीनं काय बांधाकडनं मोजमाप करून चावायला सुरुवात केली काय? अजून एक, काकांनी फळ पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोत झेंडू लावलाय, तो पण वाकडा झाला. बांधावरचं काँग्रेस गवत वाकडं झालं. माझी ढबू गेली. पण टोमॅटोच्या भोवती आडोशाला लावलेला मका मात्र ताठ उभा, त्याच्या पानाला सुरकुती नाही. टोमॅटो, झेंडू, काँग्रेस सगळ्यांना एकाच आठवड्यात धरणारा आणि मक्याला सोडणारा व्हायरस कुठला ते मला लेखी कळवा. टू-फोर-डी मात्र अगदी असंच वागतं, कारण ते झाडाच्या वाढीच्या हार्मोनची नक्कल करतं, रुंद पानाची झाडं त्यानं वेडीवाकडी वाढून मरतात आणि मका-ऊस-गवत त्याला पचवतात. त्यावरच तर तुमचा सगळा धंदा आहे.

मग साहेबांनी दुसरं काढलं, की तुम्ही वाऱ्यात फवारलं असणार, ड्रिफ्ट झालं, त्याला फवारणारा जबाबदार. इथंच खरा मुद्दा आहे आणि याच्यासाठीच हे पत्र आहे. माझा भाचा धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकतो, त्यानं समजावून सांगितलं आणि मग मी स्वतः वाचलं. फवारताना उडणारे थेंब वेगळे आणि नंतर उठणारी वाफ वेगळी. पावडर म्हणजे सोडियम सॉल्ट, किंवा अमाइन सॉल्टचं लिक्विड, हे फारसं उडत नाही. इथाइल एस्टर मात्र उडणारा प्रकार आहे, सकाळी फवारून माणूस घरी येऊन जेवून झोपला तरी दुपारच्या उन्हात पानावरून मातीवरून त्याची वाफ उठते आणि वारा नेईल तिकडं जाते. त्याला हूड काय करणार आणि सकाळचा शांत वारा काय करणार? म्हणजे 'औषध तेच' हे वाक्य धडधडीत खोटं आहे. ऑस्ट्रेलियात असले जास्त उडणारे एस्टर, ज्यात इथाइल एस्टर येतं, २०१३ साली बंदच केले, बाकीचं टू-फोर-डी तिथं चालू आहे. म्हणजे फरक आहे हे जगात माहीत आहे, फक्त बेळगावच्या दुकानात बसलेल्या माणसाला माहीत नाही.

तुमच्या ऑफिसमधल्या कुणाला वाटेल हा सोशल मीडियावर वाचून आलाय. तसं नाही. व्हॉट्सअपवर एजंट ऑरेंजचे (व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं फवारलेलं तणनाशक) फोटो फिरतात ते मला पण आले, पण त्यातला डायॉक्सिन या विषाचा घोळ हा त्यात मिसळलेल्या दुसऱ्या औषधाचा, टू-फोर-फाईव्ह-टी चा होता, त्यामुळे ते मी तुमच्या माथी मारत नाही. २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं टू-फोर-डी ला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं, २ब मध्ये, तो पण कच्च्या पुराव्याचा गट आहे हे मान्य. २०२० च्या मे महिन्यात केंद्रानं २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला त्यात टू-फोर-डी होतं, पण त्यावर बंदी आली नाही. कायद्यानं विकता येतंय, विका. पण विकताना सांगायचं ते सांगा एवढंच माझं म्हणणं.

सांगायचं म्हटलं की आली ती माहितीपत्रिका. बाटलीच्या खोक्यात जी घडी घातलेली पत्रिका निघाली ती हिंदी, इंग्रजी आणि तेलुगू. बेळगावात! कानडी नाही, मराठी नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लेबलबद्दल स्पष्ट आहे, हिंदी, इंग्रजी आणि जिथं माल विकला जातो त्या भागात चालणाऱ्या एक-दोन भाषा. इथं कानडी पण चालते मराठी पण चालते, त्यावरून आमचं राजकारण काय चालायचं ते चालू दे, औषधाच्या कागदावर दोन्ही पायजेत. नाहीतर तेलुगू कागद बघून मी काय नंदीबैलासारखी मान हलवायची? मी भिंग लावून इंग्रजी भाग वाचला. 'फवारणीचे थेंब शेजारच्या पिकावर जाऊ देऊ नका' अशी एक ओळ आहे. वाफेबद्दल, उन्हाबद्दल, टोमॅटो-मिरची-द्राक्ष-कापूस यांना विशेष धोका आहे याबद्दल एक अक्षर नाही. ठळक काय छापलंय तर 'झटपट परिणाम'.

त्याच कागदावर बारीक अक्षरात अजून एक आहे, यावर विशिष्ट उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावेत. हे तेलुगूत वाचून आमच्या रानात पंप मारणाऱ्या माणसाला आणि दुसऱ्या दिवशी भांगलायला येणाऱ्या बायकांना काय कळणार? खोक्यात हातमोजे म्हणून जी पातळ पिशवी दिलीय ती पहिल्याच पंपाला फाटली.

तुमच्या ईमेलमध्ये एक वाक्य होतं की लेबल कीटकनाशकांच्या फरीदाबादच्या रजिस्ट्रेशन कमिटीनं मंजूर केलेलं आहे. तेलुगू कागद बेळगावात विकायला पण त्यांनीच मंजुरी दिली काय ते कळवा. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं कलम आहे, ८४, नुकसान टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार. शेतकरी ग्राहक नाही हे पण आता चालत नाही, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच ते निकालात काढलंय. जिल्हा ग्राहक आयोग बेळगावातच आहे आणि पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला फी पण नाही. दोन वर्षांची मुदत असते, मी काय दोन वर्षं थांबणार नाही.

मला काय पायजे ते आता सांगतो. काकांच्या वीस गुंठ्यातल्या टोमॅटोचा आणि माझ्या ढबूचा खर्च आणि बुडालेला माल याची भरपाई, हिशोब बिलांसकट जोडलाय, त्यात हवेतला आकडा एकही नाही. काकांनी तुमचं औषध घेतलं नव्हतं म्हणून त्यांचा हक्क नाही असं तुमचे साहेब बोलले ते मागं घ्या, आम्हाला एका बांधावर राहायचंय, तुम्हाला नाही. 'व्हायरस' हे निदान कुठल्या टेस्टवर दिलं तो रिपोर्ट द्या, आणि टेस्ट झाली नसेल तर तसं लिहून द्या. लेबलवर वाफेचा इशारा कानडीत आणि मराठीत ठळक छापा, आणि छापून होईपर्यंत भाजीपाल्याच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात हे लिक्विड विकू नका, पावडर पाठवा, आम्ही पावडर घेतो की! रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या ऑफिसात) मी अर्ज दिलाय, इन्स्पेक्टरनी त्याच बॅचचा नमुना दुकानातून घ्यावा म्हणून, तर तो माल मध्येच 'रिटर्न' मागवून घेऊ नका. तसं झालं तर ते पण अर्जात जोडणार.

फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, बांधापासून ओळीप्रमाणं काढलेले. उरलेली अर्धी बाटली बूच घट्ट लावून आणि तो तेलुगू कागद तसाच कुलपात ठेवलाय. परत माणूस पाठवणार असाल तर यावेळी निदान पीक ओळखणारा पाठवा, आणि काका असताना पाठवा. फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा रानात रेंज नसते. कानडी, मराठी, हिंदी कशातही बोला, पण उत्तर लेखीच द्या, पंधरा दिवसांत.

आपला ग्राहक,
एक ऊस-भाजीपाला शेतकरी
कडोली भाग, ता. जि. बेळगाव