'डीकन ब्लूज'चा सॅक्स कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत स्टीली डॅन या अमेरिकन जॅझ-रॉक बँडवर अख्खं पान आलं तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवून बायकोला हाक मारली की अगं बघ, मराठी पेपरात स्टीली डॅन, आणि ती म्हणाली बरं, आता दूध आणायला जा. असो. लेख छान होता. पण परवाच्या रविवारी तुम्ही वाचकांनी निवडलेले या बँडचे दहा सर्वोत्तम सोलो, म्हणजे गाण्यात मधे एकटा वादक वाजवतो ते तुकडे, छापलेत ना, ती यादी वाचून मात्र डोकं फिरलं, म्हणून हे पत्र. दहापैकी नऊ गिटार! दहावा 'एजा' या गाण्यातला सॅक्सोफोन, तोही शेवटच्या नंबरावर, म्हणजे लग्नात लांबच्या नातेवाइकाला शेवटच्या पंगतीला बसवतात तसा.

(त्या नावाचा उच्चार खरं तर एशियासारखा, 'एशा' असा आहे. आम्ही कॉलेजात कॅसेटवरचं स्पेलिंग वाचून वर्षानुवर्षं 'आजा' म्हणायचो, आणि माझा एक मित्र अजूनही 'ते आजोबांचं गाणं लाव' म्हणतो.)

पहिल्या नंबरवर 'किड शार्लमेन' येणार हे आमच्या डोंबिवली लोकलच्या डब्यातल्या पोरानेही सांगितलं असतं. १९७६च्या 'द रॉयल स्कॅम'मधलं गाणं, लॅरी कार्लटनची गिटार, त्यात वाद नाही. माणूस मधे एक सोलो वाजवतो आणि तेवढ्याने पोट भरत नाही म्हणून गाणं विरत जाताना अजून वाजवत राहतो, आणि पठ्ठ्याचे सूर कुठून कुठे जातात आणि बरोब्बर जागेवर कसे येतात हे तीस वर्षं ऐकूनही मला कळलेलं नाही. दुसरा 'रीलिन इन द इयर्स', १९७२चा, एलियट रँडल. तोही हक्काचा. इथपर्यंत मी मान डोलावत होतो. पण त्याच्यापुढे सगळी तारांचीच रांग बघून वाटलं की आपल्याकडे सोलो म्हणजे गिटार आणि गिटार म्हणजे सोलो असं कधी ठरलं? आपल्याकडे गाणं ऐकणारे लोक नुसत्या तानबाजीला टाळ्या वाजवत नाहीत हो, एखाद्याने एकच स्वर असा लावला की बाजूचा माणूस पुटपुटतो 'काय जागा घेतलीय', आणि तेच लोक रॉक ऐकायला बसले की कोण किती जोरात धावला एवढंच मोजतात.

'एजा'च्या त्या सोलोबद्दल आधी दोन शब्द, कारण तो दहावा नाहीच. १९७७, सॅक्सवर वेन शॉर्टर, जॅझमधल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला, वेदर रिपोर्ट या बँडवाला माणूस, आणि ड्रम्सवर स्टीव्ह गॅड. गाणं आठेक मिनिटांचं आहे, मधे गायन थांबतं आणि शॉर्टर येतो, आणि गॅड त्याला साथ करत नाही, सरळ अंगावर जातो. लग्गी-लडी सुरू झाल्यावर तबलजी मुख्य गायकालाच विसरतो कधी कधी, तसं. फक्त इथे दोघंही एकमेकांना सोडत नाहीत. तेव्हा हा सोलो नक्की कुणाचा म्हणायचा? यादीत तुम्ही फक्त शॉर्टरचं नाव टाकलंत. गॅडला कुणी विचारलंच नाही.

पण माझं मुख्य भांडण हे नाही. 'डीकन ब्लूज' यादीत नाहीच!

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, 'एजा' ज्या अल्बममध्ये आहे त्याच अल्बममधलं गाणं आहे, साडेसात मिनिटांच्या आसपास. गाण्यातला माणूस कुणीच नाही. उपनगरातला, हरलेला. त्याचं स्वप्न एवढंच की सॅक्सोफोन शिकायचा, मनाला येईल तसं वाजवायचं, रात्रभर प्यायची आणि गाडी चालवताना मरून जायचं. अलाबामाच्या फुटबॉल टीमला जिंकते म्हणून मोठं रुबाबदार नाव आहे, मग हरणाऱ्यालाही एक नाव असू दे की, असं त्याचं म्हणणं, आणि तो स्वतःला डीकन ब्लूज म्हणवून घेतो. आता विचार करा, अशा गाण्यात सॅक्सचा सोलो टाकायचा म्हणजे काय जोखीम आहे. फार भारी वाजवलं तर गाण्यातला माणूस खोटा पडतो, वाईट वाजवलं तर रेकॉर्ड खराब.

डोनल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर म्हणजे बँड, बाकी सगळे येऊन जाऊन. १९७४नंतर त्यांनी दौरे बंद केले आणि स्टुडिओत बसून माणसं बोलवायची, वाजवून घ्यायचं आणि पसंत नाही पडलं तर दुसरा बोलवायचा असा कारभार सुरू केला. 'पेग' या गाण्यातला तो एवढासा गिटार सोलो, त्यासाठी सहा-सात गिटारिस्ट येऊन गेले, सगळे नावाजलेले, आणि सगळे नापास. मुलगी बघायला गेलेली सासू पण इतकी चोखंदळ नसते. आणि 'डीकन ब्लूज'साठी यांनी कुणाला बोलावलं? टीव्हीवरच्या 'टुनाइट शो'च्या वाद्यवृंदात नोकरी करणाऱ्या पीट क्रिस्टलीबला. रोज पाहुणे येणार, विनोद होणार, जाहिरात लागणार आणि मधल्या वेळात यांनी वाजवायचं. ते त्या दोघांनी टीव्हीवर ऐकलं आणि म्हणाले हा माणूस हवा. तो आला, एक-दोन टेक दिले आणि अर्ध्या तासात घरी गेला. जे दोघं चार ओळींसाठी सात जणांना परत पाठवतात ते अर्ध्या तासात खूश होतात, यातच काय ते समजा.

आणि वाजवलंय काय! गायकाचं वाक्य संपतं तिथून तो हलकेच उचलतो, टेनर सॅक्सचा भरदार जाड आवाज, कुठेही मी बघा कसा वाजवतो असं नाही. जणू तो गाण्यातला हरलेला माणूसच शेवटी शिकला आणि रात्री एकटा खोलीत वाजवतोय, खाली कुणी ऐकतंय का याची त्याला फिकीर नाही. शेवटी गाणं विरत जातं तेव्हाही सॅक्स चालूच असतो, आवाज कमी होत जातो पण तो थांबलेला आपल्याला ऐकूच येत नाही. मी ते हेडफोन लावून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकतो, लोकल कुर्ल्याला थांबली तरी मला कळत नाही.

मला हे इतकं का लागतं तेही सांगतो. माझे मामा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. ड्यूटी संपली की खाकीवरच बँडचा लाल कोट चढवायचे, खालची पँट खाकीच, आणि रीडची, म्हणजे क्लॅरनेटच्या तोंडाला लावायच्या पातळ पट्टीची, डबी तिकिटाच्या पेटीतल्या एका कप्प्यात. वरातीत लोक नाचणार त्यांना सिनेमाची गाणी पाहिजेत, मामा ती वाजवायचे. पण वरात दारात पोचली, नवरदेवाला ओवाळायला बायका पुढे झाल्या, गोंधळ झाला की त्या दोन मिनिटांत मामा मधेच स्वतःचं काहीतरी वाजवून घ्यायचे. कुणाचं लक्ष नसायचं. मला ते दोन मिनिटंच आठवतात.

मागच्या दिवाळीत मामा आमच्याकडे आले होते, वय ऐंशीच्या घरात, आता दातांमुळे फुंकता येत नाही. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि 'डीकन ब्लूज' लावलं. गायन चालू होतं तोवर ते माझ्याकडे बघत होते की हे काय लावलंस. सॅक्स आला आणि मामांची बोटं मांडीवर हलायला लागली. संपल्यावर हेडफोन काढून विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं मामा, हा अमेरिकेत टीव्हीच्या बँडमध्ये नोकरीला होता. मामा म्हणाले, "पगारी आहे होय. तरीच घाई नाही गड्याला." आणि परत लाव म्हणाले.

तर संपादक साहेब, माझा नंबर एक हाच. कार्लटन दुसरा ठेवा, माझी हरकत नाही. त्यानंतर १९७५च्या 'केटी लाइड'मधलं 'डॉक्टर वू' आणि त्यातला फिल वुड्सचा आल्टो सॅक्स, तोही तुमच्या वाचकांना आठवला नाही. आणि पहिल्याच अल्बममधलं 'डू इट अगेन', त्यात डेनी डायसने इलेक्ट्रिक सतार वाजवलीय, आपली सतार नव्हे, गिटारसारखी धरायची आणि सतारीसारखी झणझणणारी, आणि लगेच मागून फेगनचा ऑर्गन येतो जो ऐकायला खेळण्यातल्या पेटीसारखा वाटतो आणि म्हणूनच मला भयंकर आवडतो. हा डायस म्हणजे ज्याने पेपरात वादक पाहिजेत अशी जाहिरात दिली आणि बेकर-फेगन ती वाचून आले, तोच. पुढे कॉम्प्युटर प्रोग्रामर झाला. त्यांचा दुसरा गिटारवाला जेफ बॅक्स्टर क्षेपणास्त्रांवर अमेरिकी सरकारला सल्ले द्यायला लागला, हे मात्र मामांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पुन्हा अशी यादी काढाल तेव्हा निदान वाद्याचं नाव बाजूला छापा, म्हणजे नऊ गिटार झाल्या की लोकांना आपोआप लाज वाटेल.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली पूर्व

ता. क. तिसऱ्या नंबरवर 'पेग'च्या पुढे लॅरी कार्लटन छापलंय. तो जे ग्रेडन आहे. सहा-सात जण नापास झाल्यावर बिचाऱ्याला ते मिळालं, निदान नाव तरी त्याचं छापा.