ओला ड्रम वर न पाठवणाऱ्या सीएसएसडीतल्या (हॉस्पिटलचं साहित्य निर्जंतुक करणाऱ्या विभागातल्या) दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या पावसाळ्यात दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. त्या हवेतही गॉजचा ड्रम, म्हणजे वाफेने निर्जंतुक केलेल्या गॉजचा डबा, आमच्या सर्जिकल वॉर्डात कोरडा ठणठणीत येतो. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

टाक्यांवर गॉज ठेवण्याआधी आम्ही कितीही नीट हात धुतले, गॉज उचलायचा लांब चिमटा (चिटल फोर्सेप) कितीही जपून धरला, तरी ड्रममध्येच घोळ असेल तर सगळं पाण्यात. १२१ अंशांवर ३० मिनिटं वाफ घेतलेला गॉजही ओला बाहेर आला की बाहेरचे जंतू ओलीबरोबर झिरपत आत शिरतात. म्हणून वॉर्डातून "ड्रम कुठाय?" असे तीन फोन आले तरी तुम्ही वाळवण्याची वेळ कापत नाही. गरम ड्रम थंड फरशीवर किंवा स्टीलच्या टेबलावर टेकवत नाही, कारण आतल्या वाफेचं तिथेच पाणी होतं. फोन करणाऱ्या आम्हीच असतो, तेव्हा याचं मोल आम्हाला ठाऊक आहे.

तुमचं भरणंही तसंच. गॉजच्या घड्या उभ्या आणि मधून तळहात सहज सरकेल इतक्या सैल. ठासून भरलं की मधे हवा अडकते, तिथे वाफ पोचत नाही आणि नेमका मधलाच गॉज कच्चा राहतो. वाफेच्या मशीनमध्ये रंग बदलणाऱ्या बाहेरच्या टेपवर मात्र काळ्या रेषा उमटलेल्या असतात! टेप एवढंच सांगते, की ड्रम मशीनमध्ये जाऊन आला. म्हणून तुम्ही मध्यभागी ठेवलेली, आतवर वाफ पोचली का ते दाखवणारी इंडिकेटरची पट्टी आम्ही आधी बघतो, मगच गॉजला हात लावतो. व्हॅक्यूमच्या मशीनवर रोज पहिल्या लोडआधी बोवी-डिक चाचणी (मशीन आतली हवा पूर्ण काढतं का ते बघणारी) आणि ठरल्या दिवशी बीजाणूंची चाचणी (चिवट जंतूही मरतात का ते बघणारी) तुम्ही चुकवत नाही, हेही आम्हाला माहीत आहे.

आमच्या बाजूने आम्ही ड्रम उघडल्याची वेळ झाकणावर लिहितो आणि २४ तासांनी उरलेला माल खाली पाठवतो. एकदा बाहेर काढलेला गॉज, कोरा दिसला तरी, परत आत जात नाही.

एक काम आहे. एका ड्रमची वाफेच्या भोकांवरची सरकती पट्टी ढिली झालीय. मशीनमध्ये जाताना उघडी हवी तेव्हा ती मिटते आणि बाहेर आल्यावर बंद केली तरी सरकते. चिठ्ठी बांधून तो खाली पाठवलाय. दुरुस्त होईपर्यंत लोडमध्ये घेऊ नका.

आपल्या,
सर्जिकल वॉर्डातल्या सिस्टर्स, मुंबई