बाराटांगचा चिखल आणि दादरचा जिना

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुमच्या अंदमान सहलीच्या कागदावर ‘चिखलाचा ज्वालामुखी’ वाचून आईने विचारलं होतं, हे काय प्रकरण? खरा लाव्हा बॅरन बेटावर. बाराटांग बेटावर नुसता गार चिखल आहे, पण तो कुठून येतो हे कळायला अंदमान कसं उभं राहिलं तिथपासून सुरुवात करावी लागेल.

दादर स्टेशनचा सरकता जिना आठवा. पायऱ्या वर पोचून दातेरी पट्टीखाली जातात. कागदाचे कपटे, शेंगांची टरफलं पट्टीपाशी अडून साचतात. अंदमानच्या पश्चिमेला भारताची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या टणक थराचा प्रचंड तुकडा, वर्षाला साधारण ४ सेंटीमीटर, आणि तीही तिरकी, शेजारच्या प्लेटखाली शिरते आहे. समुद्रतळाचं कवच ६-७ किलोमीटर जाड, त्यावर गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणून ओतलेला गाळ. बांगलादेशाकडे तो १६ किलोमीटरहून जाड आहे, दक्षिणेकडे पातळ होत जातो. कवच जड, ते खाली जातं. वरचा मऊ गाळ शेजारच्या प्लेटच्या कडेशी, जिन्याच्या दातांशी अडावा तसा, खरवडला जातो.

इथे जिन्याची साथ सुटते, कारण गाळाचा नुसता ढीग होत नाही. त्यातल्याच एखाद्या निसरड्या चिकणमातीच्या थरावरून वरचा काप सुटतो आणि आधीच्या कापाखाली सरकतो, मग त्याच्याखाली पुढचा. जुने काप वर उचलले जातात, कलंडतात. अशी पाचर होते. म्हणून सगळी उतरंड उलटी: प्लेट जिथे खाली शिरते त्या समुद्रतळाच्या खंदकाजवळ नवं, पूर्वेला जुनं. पण एकेक काप सुटा पाहिला तर त्यात तळाशी जुना थर, वर नवा. इथे भलेभले फसतात.

थोडा गाळ दातांखालून निसटतो आणि पाचरीला खालून चिकटून तिला आणखी वर ढकलतो. कधी समुद्रतळाचा तुकडाही वर येतो. दक्षिण अंदमानात चिडिया टापूच्या बाजूला तसा बेसाल्ट आहे, उशांसारखा गोलसर, कारण लाव्हा पाण्यात थिजला की तसाच फुगतो. गाळच कमी असेल तर मात्र काही साचत नाही. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना खंदकापाशी उलट वरच्याच प्लेटची कड झिजते.

आता चिखल. ताज्या गाळात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाचर ते पिळून काढते, पण चिकणमाती वाट देत नाही. दाब चढतो, सोबत मिथेन असतो, मग फट सापडेल तिथून सगळं बुडबुडत वर येतं. एक बुडबुडा फुटेपर्यंत थांबा, मग पुढे चला.

बाबा, आपल्या बाजूलाही अशी पाचर आहे, इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ, मकरानची. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली, माणसं वाहून गेली. अरबी समुद्र शांत, हे तुमचं म्हणणं तेवढं खरं नाही.

कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ विचारून जा. वाळूचा दगड, शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा दगड), पुन्हा वाळूचा दगड, असे कलंडलेले थर दिसतील. एका थरावर बोट फिरवा: खरखरीतकडून गुळगुळीतकडे जाल तीच वरची बाजू. शेवाळावर पाय देऊ नका, आणि बाबा, काठी न्याच.

तुमची,
मीनू