खाटा नसलेला दवाखाना कोण तपासणार?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी निवृत्त नर्स. नोकरीला लागले तेव्हा आम्ही काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचो. पुढे लसीकरणाला ऑटो-डिसेबल सिरिंज आली. दट्ट्या एकदा दाबला की अडकतो, पुन्हा औषध ओढताच येत नाही. उघडलेल्या बाटलीवर तारीख-वेळ घालायची; गोवर लसीची चार तासांत टाकून द्यायची, पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) २८ दिवस चालायची. तारीख राहिली म्हणून बोलणीही खाल्ली आहेत मी.

परवा बाजाराच्या दिवशी नणंदेचे गुडघे दाखवायला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. बाकावर पंधरा-वीस जण, मागणं एकच: "डॉक्टर, सुई द्या, गोळीनं गुण येत नाही." टेबलावर दुखण्याच्या इंजेक्शनची ३० मिलीची बाटली, तारीख नाही, बुचात एक सुई कायमची खोचलेली. कंपाउंडर त्या सुईला सिरिंज जोडून औषध ओढायचा, टोचताना नवी सुई लावायचा. सिरिंज मात्र परत ट्रेमध्ये, पुढच्या माणसासाठी. मी हटकलं तर म्हणतो, "बाई, सुई बदलली ना!"

सुई बदलली हो, पण रक्ताचा न दिसणारा अंश सिरिंजमध्ये येतो, तिथून बाटलीत, आणि बाटलीतून रांगेतल्या सगळ्यांत. हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरायला तेवढा पुरतो. गुजरातेत मोडासा भागात २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंजांमुळे या काविळीने डझनावारी माणसं गेली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नावमध्ये एका भोंदू डॉक्टरच्या सुईमुळे चाळीसहून अधिक जणांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं.

आपला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांपुरता. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतला नाही. म्हणजे जिथे दिवसभर सुया टोचल्या जातात, त्या बिनखाटांच्या दवाखान्याची नोंदणीच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम त्यालाही लागू आहेत, पण ते कचरा बघतात. पुन्हा वापरलेली सिरिंज कचऱ्यात पडतेच कुठे?

उपकेंद्रातल्या बाळाला मिळते ती अडकणारी सिरिंज खाजगी ओपीडीतही सक्तीची करा. उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर तारीख हवी. आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याला अशा दवाखान्यात न कळवता शिरून ट्रे बघण्याचा लेखी अधिकार द्या.

नणंदेला मी सुई न देताच घरी आणलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आपली,
एक निवृत्त एएनएम (सहायक परिचारिका)