इंद्रवज्र दिसलं, सुध्या!

प्रिय सुध्या,

पत्रास कारण की, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं. घरी सांगितलं तर "अरे वा" म्हणून सगळे चहाकडे वळले. म्हणून तुला लिहितोय.

लेकीबरोबर, मुक्ताबरोबर, पायथ्याच्या पाचनईहून चढलो. पठारावर सोनकीची पिवळी फुलं नुसती पेटलीयत. सकाळी ऊन पाठीवर, समोर दरी धुक्यानं काठोकाठ, आणि त्या धुक्यात रंगांचं अख्खं वर्तुळ! इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्सनं पाहिलं, ते हेच. मुक्ता खेटून उभी होती, तरी तिच्या वर्तुळात मधोमध तिच्याच डोक्याची सावली, माझ्यात माझ्या. याच मुद्द्यावरून तू तोलारखिंडीपासून देवळापर्यंत अबोला धरला होतास. आता हार मान, आणि बंड्यालाही कळव.

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. वर्तुळ चौकटीत मावेना म्हणून पोरगी पोटावर झोपून पुढे सरकली. कोपर कड्याच्या पार. खाली कडा आत वळलेला, म्हणजे आपण कशावर झोपलोय ते दिसतही नाही. मी तिचे घोटे धरून बसलो. तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती, माझी नजर तिथून हलेना. ही मात्र शांतपणे म्हणते, "बाबा, जरा डावीकडे सरकू दे." फोटो सोबत धाडलाय. अप्रतिम आहे.

पाचनईत पिठलं-भाकरी खाताना म्हणाली, डिसेंबरात मित्रांबरोबर कड्याखालच्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं, त्या अरुंद घळीतून चढणार, कड्याचे खालून फोटो काढायचेत. तेव्हापासून झोप उडालीय. ती चढते छानच, आपल्या दोघांपेक्षा सरस. पण नळीत वरच्याच्या पायाखालचा धोंडा सुटला की खालच्याचं कसब काय कामाचं? बंड्या "दगड!" म्हणून ओरडला होता, ते अजून कानात आहे. नंदा म्हणते, सरळ नाही म्हणा. कोणत्या तोंडानं? आपण तर घरी अभ्यासाला जातो सांगून निघायचो!

तिनं जावं, असंच मला वाटतं. पण माणसं मोजकी हवीत, डोक्यावर हेल्मेट, सोबत दोर आणि बेलपाड्याचा वाटाड्या. नळी संपेपर्यंत कॅमेरा सॅकमध्येच. मी हे सांगितलं की तिला बापाची भीती ऐकू येते. तुझं ती ऐकेल, लहानपणापासून ऐकत आलीय.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं, ऐकून जीव भांड्यात पडला. नव्या घराचा ताबा मिळाला का? माझी शुगर ठीक.

रविवारी ती तुला फोन करेल. नळीत तुझ्या खांद्याचं काय झालं ते सगळं सांग, पण तिखटमीठ न लावता. आणि बोलणं झालं की लगेच मला कळव, कितीही रात्र झाली तरी.

तुझा,
अव्या